सासऱ्यांच्या विहिरीचा नकाशा

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले त्या दिवसांत मी बुलढाण्याच्या एका कचेरीत नकाशांच्या नकला काढत असे. काम सोपं होतं. खाली जुना फाटका नकाशा, वर पारदर्शक कापड, आणि जे दिसेल ते गिरवायचं. विहीर म्हणजे बारीक वर्तुळ, नाला म्हणजे वाकडी रेघ, शेताच्या मधोमध आकडा दिसला की तो सर्व्हे नंबर. चार वर्षं असं गिरवल्यावर माझी समजूत झाली की जगातला कुठलाही नकाशा मला वाचता येतो. ही समजूत मला कोणी करून दिली नव्हती. ती मी घरच्या घरीच तयार केली होती.

अशात एका इंग्रज साहेबाची बदली झाली आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला. अशा लिलावाला अर्धं बुलढाणं जाई. घेण्यासाठी नव्हे, साहेब कशात आंघोळ करत होता ते पाहण्यासाठी. मला मात्र एक घडीची खुर्ची घ्यायची होती. ती मिळाली, पण तिचा एक पाय लंगडा निघाला. मी कुरकुर केली तेव्हा लिलाव पुकारणाऱ्याने माझी समजूत काढायला वर एक पत्र्याचं नळकांडं दिलं, चांगलं छातीएवढं उंच. खुर्ची बंगल्याच्या फाटकातच मोडली. नळकांडं घरी आलं.

आत जाड कागदाचे तीन नकाशे होते, मागून कापड चिकटवलेले, पिवळे पडलेले. नळकांड्याच्या एका तोंडातून वाळवी शिरली होती, आणि तिनं मोठ्या विवेकानं खाल्लं होतं. नकाशाचं नाव, साल, काढणाऱ्याचं नाव, म्हणजे ज्याज्यामुळे मी शहाणा झालो असतो ते सगळं तिनं फस्त केलं होतं. बाकी राहिलं ते असं. कागदाच्या वरपासून खालपर्यंत एक दातेरी, वेडीवाकडी रेघ. रेघेच्या एका बाजूला केसांसारख्या बारीक रेघांनी काढलेले डोंगर आणि त्यांच्या मागे कोरा कागद. दुसऱ्या बाजूला नुसते आकडे. हजारो आकडे, मुंग्यांसारखे.

समुद्राचा काठ पाहिलेल्या माणसाला हे काय आहे ते क्षणात कळलं असतं. मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे लोणारचं तळं, आणि तेही वरच्या काठावरून, उन्हाचं खाली उतरायचा कंटाळा आला म्हणून.

आमचा जिल्हा दुमजली आहे. वर बालाघाट, खाली पूर्णेच्या खोऱ्यातला पायनघाट, आणि मध्ये घाटाची दातेरी धार. बुलढाण्याच्या माणसाला झोपेतही ती धार आखता येते. नकाशावरची रेघ पाहिली आणि मी म्हणालो, हा आपला घाट. डोंगर आहेत ती वरची बाजू, आकडे आहेत तो पायनघाट. एकच अडचण होती. आमचा पायनघाट उत्तरेला आणि या कागदावर तो डावीकडे होता. मी कागद पाव फेरा फिरवला. त्यामुळे अक्षरं आडवी झाली, आणि एका मोठ्या चाकाच्या आत फुलाच्या टोकाचा जो बाण होता तो उजवीकडे बघायला लागला. चाक मी नक्षीत जमा केलं. रेघेच्या काठानं दोन गावांची नावं धड उरली होती, ती मी मान वाकडी करून राजूर आणि देऊळघाट अशी लावली. साहेबांच्या जुन्या स्पेलिंगात कुठलंही गाव कुठलंही होऊ शकतं, हे मला कचेरीच्या अनुभवानं ठाऊक होतं.

आकड्यांनी मात्र दोन आठवडे छळलं. ते सर्व्हे नंबर नव्हते, कारण सात हा आकडा तीस ठिकाणी होता. मग एका रविवारी कोपऱ्यातला एक तुकडा वाचता आला. आकडे फॅदममध्ये आहेत, असं तिथे लिहिलं होतं. सोमवारी कचेरीतला कोश काढला. फॅदम म्हणजे सहा फूट, खोली मोजायचं माप. मी कोश मिटला आणि खुर्चीवरून उठलो. सहा फूट म्हणजे आमचा परस. विहीर किती खोल म्हणून विचारलं की आमच्याकडे कोणी फूट सांगत नाही. चार परस, सहा परस असं माणसाच्या उंचीनं सांगतात. जमिनीची खोली परसात कोण मोजेल? ज्याला विहीर खोदायची आहे तो.

एकदा एवढं कळल्यावर बाकीचं आपोआप कळत गेलं. आकड्यांशेजारी बारीक इंग्रजी अक्षरं होती. एस म्हणजे सँड, वाळू. आर म्हणजे रॉक, खडक. एम म्हणजे मुरूम. मुरमाला इंग्रज तरी दुसरं काय म्हणणार? आणि सगळ्यांवर कडी म्हणजे काही ठिकाणी चक्क गळाचं चित्र होतं. विहिरीत बादली पडली की दोराला बांधून सोडतात तो लोखंडी आकड्यांचा गळ, हुबेहूब. गळ आहे म्हणजे सार्वजनिक विहीर आहे. कुणा साहेबानं साऱ्या पायनघाटाचं जमिनीखालचं पाणी मोजून ठेवलं होतं, सरकारला त्याचा पत्ता नव्हता, आणि मला होता.

हे मी पोटात ठेवलं असतं, तर आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण त्याच वर्षी माझं लग्न ठरलं होतं आणि ते पाण्यापायी अडलं होतं.

मुलगी पायनघाटातली, शेगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. पाहायला गेलो तेव्हा मला ज्या बाजेवर बसवलं तिची एक दोरी तुटली होती. मी बोलता बोलता हळूहळू खाली घसरत गेलो. ती चहाचा ट्रे घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून अशी हसली की ट्रेमधल्या कपबशा खडखड वाजल्या. मी तिथंच होकार दिला. तिच्याकडूनही होकार आला. तारीख मात्र येईना.

कारण माझे होणारे सासरे. त्यांच्या पट्ट्यातलं पाणी खारं. थोरल्या मुलीच्या लग्नात घाटावरून आलेल्या वऱ्हाडानं पाणी तोंडात घेतलं आणि भर मांडवात थुंकून टाकलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे, की पाटील, हे प्यायला दिलं की लोणचं घालायला? सासऱ्यांनी त्याच मांडवात सांगितलं, की शेतात गोड पाणी लागल्याबिगर या दारात दुसरा मांडव पडणार नाही. त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी दोन विहिरी खोदल्या. दोन्ही खाऱ्या. इकडे माझी आई कंटाळली. तिनं मला वैशाखापर्यंत मुदत दिली. तोवर तारीख निघाली नाही तर चिखलीला एक मुलगी तिनं मनात धरून ठेवलेलीच होती. चिखलीच्या मुलीत काही कमी नव्हतं, पण तिच्यासमोर मी बाजेवरून घसरलो नव्हतो.

तेव्हा पौषात एक दिवस मी नळकांडं खांद्यावर टाकून निघालो. सर्व्हिस मोटारीनं राजूरचा घाट उतरून मलकापूर, तिथून रेल्वेनं शेगाव, पुढे बैलांच्या दमणीत. डब्यात माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. लोकांना ती बंदूक वाटली असावी.

सासऱ्यांच्या अंगणात बाजेवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार पायल्या उपड्या ठेवल्या. गावचा पानाड्याही तिथं बसला होता. हातात नारळ घेऊन शेतभर फिरायचं आणि नारळ उभा राहील तिथं पाणी आहे म्हणून सांगायचं, हा त्याचा धंदा. मागच्या दोन्ही विहिरी त्यानंच दाखवल्या होत्या. मी त्याच्याकडे शास्त्र शिकलेल्या माणसानं पाहावं तसं पाहिलं.

सासऱ्यांनी विचारलं, यात आपलं गाव कुठी आहे. मला माहीत नव्हतं. मी राजुरापासून विती टाकत निघालो, मध्ये दोनदा अंगठा बदलला, आणि शेवटी माझं बोट एका गळाच्या चित्रावर येऊन पडलं. हे, मी म्हणालो.

सासरे वाकून बराच वेळ त्या गळाकडे पाहत राहिले. गावच्या विहिरीवर खरोखरच एक गळ टांगलेला होता, आणि तो त्यांच्या वडिलांनी लोहाराकडून करवून घेतलेला होता.

"सायबानं आपला गळ काढला," ते हळूच म्हणाले. "पाह्यलं काय बे, आपला गळ नागपुरापोत गेला."

पानाड्यानं नकाशाचा एक कोपरा बोटानं चाचपला. "बाबू," तो मला म्हणाला, "कागदात इतलं पाणी असन तं यालेच पिळून घ्या ना. खोदाचं काहाले?"

सगळे हसले. सासरे हसले नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं की आता हे प्रकरण थांबणार नाही. गळाशेजारी पाच आकडा होता आणि पुढे एस. पाच परसांवर वाळू, आणि वाळूत गोड पाणी. शेताच्या उगवतीच्या कोपऱ्यात मी काठी रोवली. का तिथंच, ते मलाही सांगता येणार नाही. उभं राहायला तिथं सावली होती.

पाच परस झाल्याचं पत्र आलं तशी मी रजा काढून गेलो. आधी काळी माती लागली होती, मग पिवळी. वाळू नाही, पाणी नाही. माणसं खड्ड्याच्या काठावर बसून माझ्याकडे पाहत होती. मी नकाशा पसरला, भिंग काढलं, पुष्कळ वेळ घेतला आणि म्हणालो, की चूक माझीच आहे, मी दीड बोट अलीकडे पाहत होतो. दीड बोट पलीकडे सात होता.

सात झाले. मी पुन्हा गेलो आणि आणखी एक बोट सरकलो. तिथं नऊ होता. मला हल्ली वाटतं, रागावून कोणी तो कागद माझ्या हातून ओढून घेतला असता तर बरं झालं असतं. पण दर परसागणिक सासऱ्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढतच होता. लग्नाचा पत्ता नसताना ते मला गावभर जवाई म्हणून हाक मारायला लागले. लोक आपापली शेतं दाखवायला यायचे. मीही हात आखडता घेतला नाही. एकाला सांगितलं, तुझ्याकडे खडक आहे, खोदू नको. त्यानं खोदलं नाही, आणि तो पुढे कित्येक वर्षं मला दुवा देत असे. नऊच्या पुढचा आकडा बावीस होता, तो मात्र मी कुणालाही दिसू दिला नाही. नकाशा पसरला की पहिल्यांदा त्यावर पानाचा डबा ठेवायचो.

फाल्गुनात नवव्या परसाला पाणी लागलं. मी तिथंच होतो. खालून हाक आली, दोर हलला, आणि पितळी लोटा वर आला. सासऱ्यांनी डोक्याचं पागोटं नीट केलं, लोटा दोन्ही हातांत धरला, घोट घेतला. गालात इकडून तिकडे फिरवला. मग बाजूला जाऊन, आमच्याकडे पाठ करून, त्यांनी तो थुंकला.

पानाड्या त्या दिवशी परगावी होता, एवढीच देवाची कृपा.

आम्ही अंगणात येऊन बसलो तेवढ्यात शेगावहून सासऱ्यांचे जुने दोस्त आले. कापडाचे व्यापारी, हजहून परतून त्यांना आठच दिवस झाले होते, आणि ते भेटायला खजूर घेऊन आले होते. सगळं गाव त्यांना आता हाजीसाहेब म्हणत होतं. त्यांनी सासऱ्यांना मिठी मारली, मला सलाम केला, आणि बाजेवरचा नकाशा पाहून चष्मा लावला. ते बाजेभोवती एक चक्कर फिरले. मान एकदा डावीकडे कलवली, एकदा उजवीकडे. मग त्यांनी पायल्या उचलून खाली ठेवल्या, दोन्ही हातांनी नकाशा धरला आणि पाव फेरा उलटा फिरवला.

"जवाईबापू," ते फार अदबीनं म्हणाले, "ह्ये तुमच्यापाशी कुठून आलं? असाच कागद जहाजात कप्तानाच्या टेबलावर होता. म्या सोता पाह्यला."

मी म्हणालो, कप्तानाला विहिरी कशाला लागतात?

त्यांनी डोंगरांमागच्या कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. "ही जमीन." मग आकड्यांवर सगळा पंजा पसरला. "अन् हा समुंदर."

मी गळाबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्याले जहाज बांधतात. आकडे म्हणजे पाणी किती खोल आहे ते. जहाजाचं बूड टेकू नये म्हणून लिहितात. वाळू, खडक, चिखल म्हणजे समुद्राच्या तळाला काय आहे ते. बावीसवरचा पानाचा डबा त्यांनी स्वतःच उचलून मला दिला. मी मान सरळ ठेवून ती दोन नावं पुन्हा वाचली. राजापूर आणि देवगड. कोकणातली. आडवी धरली नसती तर ती शाळेतल्या पोरालाही वाचता आली असती.

म्हणजे तीन महिने मी माझ्या होणाऱ्या सासऱ्याला अरबी समुद्रात विहीर खोदायला लावलं होतं.

सासरे बाजेच्या कडेला बसून होते. आतल्या दाराच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. मला चिखली डोळ्यांपुढे दिसायला लागली. तिथली बाजारपेठ, तिथली शाळा, तिथली ती न पाहिलेली, कशालाच न हसणारी मुलगी. मी नकाशा गुंडाळायला घेतला.

"थांबा," सासरे म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "हाजी, समुद्राचं पाणी कसं लागते?"

"खारं."

"आमच्यासारखं?"

हाजीसाहेबांनी नव्या विहिरीचं पाणी मागवलं. एक घोट घेतला. मग दुसरा. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे पाहत होतो. त्यांनी लोटा रिकामा करून खाली ठेवला आणि दाढी पुसली.

"पाटील, खुदाची कसम, त्याच्यापुढं ह्ये शरबत आहे. ते तं तोंडात धरवत नाई."

"अन् आहे किती ते?"

"काय सांगू तुमाले. दिवसच्या दिवस जहाज चालून राह्यलं, चारी बाजूनं पाणीच पाणी. मुंबईपासून तं पार अरबस्तानापोत सगळं खारं."

"मंग एवढे सायेब लोकं त्याच्यावरून येतात, नवाब येतात," सासरे म्हणाले, "कोणी नाक नाई मुरडत?"

हाजीसाहेबांना खोटं बोलायचं नव्हतं, नुकतेच हजहून आले होते. "मुरडत नाईत," ते म्हणाले. "ओकतात मात्र भल्ले."

सासऱ्यांचं पोट हलायला लागलं, मग पागोटं, आणि मग ते बाजेवर आडवे होऊन हसायला लागले. दोन वर्षांत त्यांना कोणी असं हसताना पाहिलं नव्हतं, असं मला नंतर घरच्यांनी सांगितलं. उठून बसल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"म्हंजे आपलं एकट्याचंच खारं नाई," ते म्हणाले. "देवानं करून ठेवलं तेच आपल्या वावरात आलं. त्याची लाज काहाले? मांडव अठीच टाकू. याच पाण्यावर."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी माझा खांदा धरून मला अर्ध्यावरच थांबवलं.

"पण एक आहे, जवाई. घाटावरच्या लोकाइसमोर पह्यला लोटा तुम्ही प्यायचा. भरलेला. अन् थेंब सांडला नाई पायजे."

मी कबूल झालो. त्या घटकेला त्यांनी मला ती विहीर प्यायला सांगितली असती तरी मी कबूल झालो असतो.

वैशाखात लग्न लागलं. आमची मंडळी घाटावरून दोन मोटारी भरून आली, आणि माझ्या एका आतेमामांनी आपला वेगळा पाण्याचा घडा बरोबर आणला होता. वाटेतल्या खड्ड्यांनी तो फुटला. अक्षता पडल्या, पंगत बसली, पानं वाढली, आणि कोणी घास उचलायच्या आत सासरे मध्ये येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आमच्या गावचं पाणी समुद्राच्या जातीचं आहे, हा आमच्या जवायाचा शोध आहे, आणि ते स्वतः पिऊन दाखवतील. हाजीसाहेब पंगतीच्या टोकाला बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

लोटा नवरीच्या हातून यायचा होता. ती आली, डोक्यावरचा पदर सावरत, आणि तिनं तो माझ्यापुढे धरला. मी तोंडाला लावला. मी त्या विहिरीचं पाणी तोवर एकदाही प्यालो नव्हतो, हे इथे कबूल करायला हवं. त्याची चव पाटीवरची पेन्सिल चाटल्यासारखी होती, आणि मागून मीठ. पंगतीतली शंभर माणसं हात आखडून माझ्या गळ्याकडे पाहत होती. आई पाहत होती. आतेमामा तर अर्धे उठलेच होते. निम्म्यावर आलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण तेही खारंच असतं, कोणाला वेगळं कळलं नाही. मी शेवटचा थेंब घेतला आणि लोटा उलटा करून दाखवला.

आतेमामांनी विचारलं, "कसं आहे?"

"गोड," मी म्हणालो.

मग आईनं आपलं फुलपात्र उचललं. ती प्याली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, गोड आहे. आतेमामा प्याले, त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण पोराच्या आईनं गोड म्हटल्यावर ते तरी काय करतात? गोड, ते म्हणाले. पंगतीत इकडून तिकडे गोड, गोड असं होत गेलं आणि एकही माणूस थुंकला नाही. सासरे प्रत्येकाच्या पानापुढे थांबून स्वतः पाणी वाढत होते, आणि ज्यानं गोड म्हटलं त्याला आणखी वाढत होते.

ती अजून माझ्यापुढे रिकामा लोटा घेऊन उभी होती. पदराआड तिचे खांदे हलत होते. तोवर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

"अजून आणू काय?" तिनं अगदी हळू विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

तिनं आणला. पहिल्या लोट्यापेक्षा हा जास्त भरलेला होता, अगदी काठोकाठ, आणि तो तिनं एक थेंबही न सांडता माझ्यापर्यंत आणला.